धूमग्रहावरचा फटका

'धूमग्रह' या मालिकेचे पहिले दोन भाग शुक्रवारी आले आणि रविवारी दुपारी आमच्या मोहा तांड्याच्या मंडपात ते सगळ्यांनी मिळून पाहायचं ठरलं. मंडप म्हणजे सेवालाल महाराजांच्या देवळाला लागून बांधलेली टिनाची लांब शेड. उजेड येऊ नये म्हणून पोरांनी खिडक्यांवर गोधड्या टांगल्या, दारावर ताडपत्री सोडली आणि समोरच्या भिंतीवर पांढरी चादर ताणली. प्रोजेक्टर दारव्ह्याहून आणला होता. मार्च महिना, टिन तापलेलं. होळी तोंडावर आली होती, म्हणून होळीच्या काठ्या तोडून, सोलून, तेल लावून कोपऱ्यात उभ्या करून ठेवल्या होत्या.

शेजारच्या पिंपळखेडचे लोकही आले होते. ते शेतकरी कुणबी, आम्ही बंजारे. गाव आणि तांडा यांच्या मधोमध जो खडकाळ माळ आहे, त्याच माळावर दोन उन्हाळ्यांपूर्वी या मालिकेचं शूटिंग झालं होतं. दोन्हीकडच्या लोकांनी त्यात काम केलं होतं. कंपनीच्या माणसानं सगळ्यांना रांगेत उभं केलं, एक नजर टाकली आणि वाटणी करून टाकली. तांड्याचे लोक धूमग्रहावरचे रहिवासी. गावची पोरं बाहेरून चाल करून आलेली फौज. आमच्या बायकांना तर त्यानं कपडेही बदलू दिले नाहीत. फेटिया, कांचळी, हातभर बांगड्या, सगळं अंगावर तसंच राहू द्या म्हणाला, फक्त तोंडाला राखाडी रंग फासा. धनीबाई म्हातारी तेव्हा म्हणाली होती की आपण जन्मापासून दुसऱ्या ग्रहावरचे आहोत हे या माणसाला बरोबर समजलं.

पहिला भाग लोकांनी हसत पाहिला. आकाशातून जहाज उतरलं तेव्हा रामलाल म्हणाला, हे तर सोयाबीनचं हार्वेस्टर आहे, नुसते दिवे लावले. राणी बोलत असताना तिच्या मागच्या खडकावर रामलालचीच बकरी चरताना दिसली, तर त्यानं ते तीनदा मागे नेऊन दाखवायला लावलं. राणी काय बोलली ते कुणालाच ऐकू आलं नाही. धूमग्रहाला दोन सूर्य आहेत असं समजल्यावर धनीबाई म्हणाली की बाप्पा, आम्हाला एकच झेपत नाही. पिंपळखेडचे किसनराव खुर्ची घेऊन पुढे बसले होते. हे लोक या ग्रहावर दगड न्यायला आले आणि दगडांसाठी एकमेकांचे गळे कापून राहिले, हे त्यांना काही पटेना. दगड पाहिजेत तर माझ्या वावरातून घेऊन जा म्हणावं, वेचूनही देतो, असं ते म्हणाले आणि गाव-तांडा दोन्ही हसले.

रक्त मात्र पुष्कळ होतं. पहिल्याच भागात राजानं आपल्या सेनापतीचा गळा चिरला आणि ते रक्त चादरीवर एवढं मोठं दिसलं की पुढे बसलेली लेकरं मागे सरकली. मैनाबाईंनी, किसनरावांच्या बायकोनं, पदर तोंडावर घेतला.

रूपसिंग राठोडची मुलगी बबिता यवतमाळला कॉलेजात शिकते. दोन भागांच्या मध्ये सगळे थांबले तेव्हा तिनं मोबाईलवर बाहेरच्या लोकांनी काय लिहिलं ते वाचून दाखवलं. एकानं लिहिलं होतं की हा ग्रह खोटा वाटतो, अशी जमीन कुठं नसते. त्यावर पोरांनी शिट्ट्या मारल्या. एका बाईला गोष्ट लांबलेली वाटली. मग बबितानं आधी स्वतः न बघता पुढचं वाचलं, "दुसऱ्या भागातली हाणामारी पाहाच. एक फटका तर असा बसतो की आपणच डोळा झाकतो. असं खरं मारणं आपल्याकडे कधी दाखवलं नव्हतं."

वाचून झाल्यावर तिनं दाराकडे पाहिलं. दाराजवळ तिचा मोठा भाऊ ओम उभा होता.

ओमचा डावा डोळा त्या शूटिंगमध्ये गेला. धूमग्रहाच्या वस्तीवर फौज तुटून पडते, असं ते दृश्य होतं. फौजेच्या पोरांना रबरी सोटे दिले होते, अंगात काळं चिलखत, डोक्याला काळे टोप, तोंड पूर्ण झाकलेलं. गर्दीत, धुरात, मे महिन्याच्या उन्हात ओमच्या तोंडावर काहीतरी बसलं आणि तो पडला. कंपनीनं सांगितलं, पळताना खडकावर आदळला. यवतमाळच्या डॉक्टरनं सांगितलं, खडक नाही, लाकूड. डोळा काढावा लागला. ओम दारव्ह्याच्या रस्त्यावर काळीपिवळी जीप चालवत होता, ती सुटली. केळापूरकडची सोयरीक मोडली. पण यातल्या कशापेक्षाही त्याला एकच गोष्ट खात होती. मारलं कुणी? तो कितीतरी वेळा पिंपळखेडच्या पारावर जाऊन बसला. भांडायला नाही. तो सांगायचा, मले फक्त नाव सांगा, मी काही करत नाही. गावची पोरं खाली पाहायची. सगळ्यांचे टोप होते, धूर होता, आम्ही सगळेच मारत होतो, असं म्हणायची. एकदा कुणीतरी म्हणालं, समज, सगळ्या गावानं मारलं. त्या दिवशी ओम घरी आला आणि भिंतीवर डोकं आपटत राहिला. त्याच्या आईनं, जमनाबाईनं, भिंत आणि डोकं यांच्या मधे आपला हात घातला, तो सुजला तेव्हा तो थांबला.

म्हणून हा दुसरा भाग तो पाहायला आला होता.

दुसरा भाग सुरू झाला तसं हसणं कमी झालं. आपली माणसं चादरीवर मरत होती. कुणाची आई भाल्यावर उचलली, कुणाचा बाप जाळला. सगळं खोटं आहे हे माहीत होतं, तरी एक-दोन बायका रडायला लागल्या. गावच्या पोरांना मात्र मजा येत होती, कारण फौज आली की ती आपणच. किसनरावांचा मुलगा पियुष मागच्या ओळीत बसून प्रत्येक टोपाकडे बोट करत होता. हा सोनू. हा मी. नाही, हा मी. सोनू त्याला म्हणाला, टोपात तुहं तोंड दिसते तवा तं तू सांगशील.

मग धूर हटला आणि एक शिपाई एकटाच समोरून धावत आला. त्याच्या डाव्या हातात सोटा होता.

"पाह्य बे, डावा हात," पियुष ओरडला. "आता तं मानशील? हा मीच होय."

त्याचं बोलणं संपायच्या आत तो सोटा फिरला. समोर राखाडी रंगाचा एक तरुण वळत होता, त्याच्या तोंडावर तो बसला. आवाजही तसाच ठेवला होता. तरुण गुडघ्यावर आला, हात डोळ्याकडे नेले आणि बोटांमधून जे आलं तो रंग नव्हता. तो ओम होता.

चादरीवर लढाई चालूच होती.

आमच्या तांड्यात एक गोष्ट आहे ती इथं सांगावी लागेल. होळीच्या दुसऱ्या दिवशी आमच्या बायका खाण्याचं भांडं खुंट्याला बांधून त्याची राखण करतात आणि पुरुषांनी ते पळवायचं असतं. बायकांच्या हातात काठ्या असतात आणि त्या हलकं मारत नाहीत. पुरुषांनी मारायचं नाही, काठीनं काठी अडवायची. लहानपणापासून असा मार खात आणि अडवत आलेल्या माणसाला पाठीवर पडलेली काठी कुणाची ते मागे न पाहता कळतं. कोण खांद्यातून मारतो, कोण मनगटातून, कोण डाव्यानं. तोंड विसरतं, काठी विसरत नाही. आम्ही त्यावर डोळे झाकून विश्वास ठेवतो. आणि पंचक्रोशीत डाव्या हाताचा पोरगा एकच. टेनिस बॉलच्या सामन्यात डाव्या हातानं बॉल टाकून सगळ्यांना बाद करणारा पियुष.

रूपसिंग उठून उभा राहिला. साठीचा माणूस, शांत स्वभावाचा. तो फक्त एवढंच म्हणाला, "डावा हात हाय."

पियुषला तेव्हा समजलं आपण काय बोललो ते. तो उठला आणि म्हणाला, "काका, नाई. मी उगाच म्हनलो. मी तं मांगं होतो."

त्याला पुढं बोलू दिलं नाही. ओमचा धाकटा भाऊ प्रेम कोपऱ्यातून काठी घेऊन लोकांच्या अंगावरून, लेकरांच्या डोक्यावरून आला. पहिली काठी पियुषच्या मानेवर बसली. तो पुढच्या बायकांवर पडला. सोनूनं प्रेमची कंबर धरली, तर तांड्याच्या दोघांनी सोनूला खाली घेतलं. मग कुणी कुणाला विचारलं नाही. काठ्या कोपऱ्यात होत्याच, ज्याला मिळाल्या त्यानं घेतल्या. गावच्या लोकांनी खुर्च्या उचलल्या. बायका लेकरं पोटाशी धरून ताडपत्रीकडे धावल्या आणि दार एकच असल्यानं तिथं एकमेकींवर पडल्या. धनीबाईच्या हातावर कुणाचा तरी पाय पडला. तिची दोन बोटं मोडली, ती ओरडलीही नाही.

प्रोजेक्टर बंद करायचं कुणाला सुचलं नाही. चादर एका बाजूनं फाटून लोंबत होती आणि धूमग्रहाची लढाई आता माणसांच्या पाठीवर दिसत होती. एका पाठीवर आग पेटली होती. एका सदऱ्यावर राणीचं तोंड ओरडत होतं. त्या उजेडात खरं रक्त काळं दिसत होतं.

किसनराव मुलाच्या अंगावर पालथे पडले. दोघांनी त्यांना पाय धरून ओढलं. पियुष पालथा होता, तोंड फरशीवर, त्याला मारणारा दिसत नव्हता. भोवती तांड्याच्याच माणसांचा घेर होता, गावच्यांनाही आतलं दिसत नव्हतं. प्रेमनं त्याचा डावा हात मागे ओढला, कोपर दाराच्या दगडी उंबऱ्यावर ठेवला आणि काठी टाकून ताडपत्री दाबायला भिंतीशी ठेवलेला धोंडा उचलला. धोंडा एकदा टाकला. दुसऱ्यांदा टाकला तेव्हा हाड बाहेर आलं. पियुषचा आवाज ऐकून मारामारी थांबली. खरंच थांबली. लोक हातातल्या काठ्यांकडे पाहायला लागले.

ओम दाराजवळ जसा होता तसाच उभा होता. त्यानं कुणाला हात लावला नव्हता. त्याचा तळहात रिकाम्या डोळ्यावर होता.

गावच्या लोकांनी पियुषला खाटेवर घालून नेलं, तिथून गाडीनं यवतमाळला. सोनूच्या डोक्याला खोक पडली होती. रामलालचे पुढचे दात गेले. कपिल नावाच्या आमच्या एका पोराची बरगडी मोडली, तो श्वास घेताना कण्हत होता. नाईक नानाजींनी, म्हणजे आमच्या तांड्याच्या प्रमुखांनी, दोन माणसं रस्त्यावर उभी केली, कारण गाव परत येणार हे सगळ्यांना माहीत होतं. बायकांनी कडब्याच्या गंजीजवळ पाण्याचे ड्रम भरून ठेवले.

रूपसिंगच्या घरात प्रेमला भिंतीशी बसवलं होतं. त्याच्या कपाळाला खुर्चीचा पाय लागला होता. जमनाबाई त्याची जखम पुसत होती. शेजारपाजारचे येऊन त्याच्या खांद्यावर हात ठेवून जात होते. भाऊ असावा तर असा, असं म्हणत होते. प्रेम खाली मान घालून बसला होता. रूपसिंगनं स्वतः त्याला पाणी दिलं.

ओम दारात बसला होता. बबिताचा मोबाईल त्याच्या हातात होता आणि तो पुन्हा पुन्हा तेच दृश्य लावत होता. शिपाई धावतो, सोटा फिरतो, तो पडतो. मग बोटानं मागे. शिपाई धावतो. बबितानं मोबाईल मागितला तर दिला नाही.

जमनाबाई पाण्याचं भांडं रिकामं करायला बाहेर निघाली, तेव्हा तिची नजर त्या मोबाईलवर पडली. ती वाकली. दोन वर्षं रोज सकाळी ती त्या रिकाम्या खोबणीत औषध घालत होती.

"हा डोया नाई," ती म्हणाली.

ओमनं वर पाहिलं.

"तुहा डावा गेला. हा तं उजव्या डोयावर मारून राह्यला."

ओमनं पुन्हा लावलं. सोटा तोंडाच्या उजव्या बाजूला बसत होता. तो कितीतरी वेळ पाहत होता, पण आपला डोळा कोणता हे त्यानं ताडून पाहिलं नव्हतं. बबिता आली. तिनं दृश्य थांबवलं आणि मागे दिसणारी टेकडी दाखवली. महादेवाची टेकडी माळाच्या डाव्या हाताला आहे, इथं ती उजवीकडे होती. कंपनीनं चित्र उलटं केलं होतं. तिनं सांगितलं की मोबाईलमध्ये आपण आपलाच फोटो काढतो तेव्हा कधी कधी होतं ना, तसंच. त्यांना पडद्यावर बरं दिसलं असेल म्हणून फिरवलं असेल. डावं ते उजवं, उजवं ते डावं.

"म्हंजे मारनारा उजव्या हाताचा होता," ओम म्हणाला.

यवतमाळच्या दवाखान्यात पियुषचा हात राहतो की जातो याची त्या वेळी कुणालाच खबर नव्हती.

मग ओमनं बबिताला विचारलं, हे सरळ करता येतं का. तिला येत होतं. तिनं तेवढा तुकडा घेतला, फिरवला आणि मोबाईल जमिनीवर ठेवला. ओम, जमनाबाई आणि ती, तिघं वाकून पाहायला लागले. आता टेकडी जागेवर होती. शिपाई धावत आला. त्याच्या उजव्या हातात सोटा होता. मारायच्या आधी त्यानं उजवा गुडघा मोडला, अंग खाली घेतलं, सोटा जमिनीजवळून उचलला आणि खालून वर आणला. दुपारी सगळ्या तांड्यानं हाच फटका पाहिला होता. पण डावा हात दिसला आणि पुढचं कुणी पाहिलं नाही.

जमनाबाईनं तो एकदाच पाहिला. दर होळीला खुंट्याजवळ उभी राहून तिनं त्या काठीशी काठी लावली होती. गुडघा मोडून खालून काठी आणणारा तांड्यात एकच होता. ती उठली आणि आत गेली.

"प्रेम," ती म्हणाली. "तू टोप घातलता?"

प्रेमनं मान वर केली नाही. रूपसिंग म्हणाला, काय बोलते ही. तिनं नवऱ्याकडे पाहिलं नाही. तोच प्रश्न पुन्हा विचारला, या वेळी आमच्या बोलीत, हळू आवाजात, जसं आजारी लेकराला विचारतात.

प्रेमनं सांगितलं. त्या दुपारी गावच्या दोन पोरांना उन्हाचा झटका बसला होता आणि फौजेत माणसं कमी पडली. कंपनीच्या माणसानं जो हाताशी आला त्याला टोप घातला. प्रेमनं हौसेनं तोंडाचा रंग धुतला आणि चिलखत घेतलं. रबरी सोटा पुरला नाही, म्हणून तंबूची बल्ली काळी करून दिली. हळू मार, नुसतं दाखव, असं सांगितलं होतं. पण टोपाच्या फटीतून काही दिसत नव्हतं, धूर होता, कर्ण्यावरून कुणीतरी मारा, मारा ओरडत होतं. समोरचा माणूस वळला आणि प्रेमनं फटका सोडला. कुणाला लागला ते टोप काढल्यावर कळलं.

"सांगनार होतो," तो म्हणाला. "त्याच दिशी सांगनार होतो. मंग ओम भिया दवाखान्यात, सारे म्हनत गावच्यानं मारलं. मंग दुसरा दिवस आला."

"अन् आज?" ओमनं दारातून विचारलं. "आज पियुषचा हात कायले फोडला?"

प्रेमनं तेव्हा पहिल्यांदा त्याच्याकडे पाहिलं. "तो स्वताच म्हनला ना, मीच होय. मले वाटलं, झालं. आता हे संपलं."

ओम आत आला. त्यानं भावाची मान धरून त्याला उठवलं आणि भिंतीवर आपटलं. प्रेमनं हात वर केला नाही. ओमनं पुन्हा आपटलं. भिंतीचा पोपडा खाली पडला, मांडणीवरची भांडी खाली आली. तोंडात मारलं, पोटात मारलं, तो खाली पडला तेव्हा लाथा घातल्या. कपाळाची जखम फुटून रक्त डोळ्यात उतरलं. जमनाबाई मधे पडली नाही. ती चुलीपाशी बसून राहिली. शेवटी रूपसिंगनंच ओमला मागून कवळलं आणि बाहेर ओढलं.

अंगणात नेऊन बाप त्याला समजावू लागला. जे झालं ते घरातलं आहे. घरातच राहील. तो तुझा भाऊ आहे. गाव आता येईल, पोलीस येतील, नाईक सांगतील तेच सगळ्यांनी सांगायचं. तांड्यानं मारलं. कुणी एकट्यानं नाही. सगळ्यांवर केस होते तेव्हा कुणावरच होत नाही. तो म्हणाला, एका पोराचा डोळा गेला, दुसऱ्याला तुरुंगात घालू का मी.

ओम हाताची सोललेली बोटं पाहत होता.

दिवस मावळायच्या आत गाव आलं. पन्नासेक माणसं असतील, कुऱ्हाडी होत्या, बैलगाडीच्या उभारीचे दांडे होते, दोघांकडे रॉकेलचे डबे होते. त्यांच्या मागोमाग दारव्ह्याहून पोलिसांची गाडी आली आणि मधे आडवी लागली. नाहीतर कडब्याच्या गंज्या त्याच संध्याकाळी गेल्या असत्या. एक दगड आला आणि नाईकांच्या खांद्याला लागला. तांड्यातूनही दगड गेले. पोलिसांनी काठ्या चालवल्या, दोन्हीकडे. मग थोडं शांत झालं.

किसनराव एकटे पुढे आले. अंगात दुपारचाच सदरा होता, पोटापासून खाली मुलाचं रक्त वाळून कडक झालेलं. त्यांच्या हातात काही नव्हतं. ते म्हणाले की डॉक्टर कोपरापासून हात कापायचं म्हणून राहिले. गाडीत पोरगा एकच विचारत होता, कोन होता, कोन होता. त्याला दिसला नाही. मले सांगा, धोंडा टाकनारा कोन होता.

फौजदारानं वही काढली आणि नाईकांना विचारलं.

नानाजी नाईक ताठ उभे राहिले. खांद्यातून रक्त येत होतं. ते म्हणाले, "साऱ्या तांड्यानं मारलं साहेब. लिहा, सारा तांडा."

मागे उभ्या असलेल्या माणसांनी होय म्हटलं. बायकांनीही म्हटलं. आमच्यात नाईक बोलला की तो शब्द सगळ्यांचा होतो, त्याच्या पुढे कुणी वेगळं बोलत नाही. मीही होय म्हटलं.

किसनराव तिथंच खाली बसले. मातीत. त्यांनी दोन्ही हातांनी डोकं धरलं आणि ते डोकं पुढे मागे हलवू लागले.

ओम ते पाहत होता. मग तो गर्दीतून पुढे निघाला. रूपसिंगनं त्याचा दंड धरला, त्यानं सोडवून घेतला. तो किसनरावांच्या समोर उकिडवा बसला, म्हणजे त्यांना तोंड दिसेल असा.

"काका," तो म्हणाला, "माह्या भावानं मारलं. प्रेमनं. तुमच्या पोरानं माह्या डोयाले हात लावला नोहता. तेही प्रेमनंच केलं."

तांड्यातून एक आवाज आला, जसा माणूस मेल्यावर येतो. गाव पुढे सरकलं, पोलिसांनी दांडे आडवे धरले. मागे रूपसिंगच्या घराच्या दारात प्रेम उभा होता, तोंड सुजलेलं, एक डोळा पूर्ण मिटलेला. तो पळाला नाही. जमनाबाईनं त्याचा सदरा पाठीमागून मुठीत धरला होता. पळू नये म्हणून की कुणी नेऊ नये म्हणून, ते मला अजून सांगता येत नाही.

रूपसिंग पुढे आला आणि त्यानं उभं राहू पाहणाऱ्या ओमच्या कानशिलात हाणली. ओम एका हातावर पडला. बापानं दुसरी मारली, तिसरी मारली. मारताना तो रडत होता आणि थांबत नव्हता. एका शिपायानं त्याला धरलं.

ओमच्या ओठातून रक्त येत होतं. तो उठला, कपडे न झटकता फौजदारासमोर जाऊन उभा राहिला आणि म्हणाला, लिहा.

फौजदारानं विचारलं, नाव सांग पूर्ण. मारणाऱ्याचं.

"प्रेम राठोड."

"बापाचं नाव?"

ओमनं शिपायानं धरलेल्या माणसाकडे पाहिलं. "रूपसिंग," तो म्हणाला. "अन् सांगनाऱ्याच्याही बापाचं तेच लिहा."